बॅटरी निघाली तरच ड्रिल बंद

वायरच्या ड्रिलचं एक बरं असतं. बिट, म्हणजे भोक पाडणारी सळी, बदलायचं म्हटलं की माणूस आपसूक बोर्डाकडे वळतो, पिन काढतो आणि मगच चकला, म्हणजे बिट पकडणाऱ्या जबड्याला, हात लावतो. बॅटरीच्या ड्रिलला पिनच नाही, त्यामुळे ती सवयही लागत नाही. वायर नाही म्हणजे शॉक नाही आणि शॉक नाही म्हणजे भीती नाही, असं धरून लोक एका हाताने चक आवळतात. दुसऱ्या हाताचं बोट तेव्हा नकळत मशीन चालू करायच्या खटक्यावर असतं. म्हणून सगळ्यात आधी हे सांगते: बॅटरी आत आहे तोवर मशीन चालू आहे असंच समजायचं.

बिट बदलताना, चकमध्ये अडकलेलं काही काढताना, मशीन पिशवीत ठेवताना आणि काम संपल्यावर बॅटरी काढायची. खटक्याच्या वर आडवं सरकणारं एक बटण असतं. त्याने फिरण्याची दिशा बदलते आणि ते मधोमध ठेवलं की खटका दाबला जात नाही. शिडीवर चढता-उतरताना हे कुलूप वापरा, पण बिट बदलताना त्याच्या भरवशावर राहू नका. वापरून ढिलं झालेलं बटण धक्क्याने सरकतं. मग पिशवीत पक्कड, हातोडी यांच्यामध्ये कोंबलेल्या मशीनचा खटका दाबला जातो आणि बिट आतल्या आत कापड फाडत फिरत राहतं. ती पिशवी स्कूटीवर मांडीजवळ असेल तर काय होईल, याचा विचार करा.

आमचं घर सुतारांचं. मामंजींनी साताऱ्याच्या पेठांमधल्या जुन्या वाड्यांची दारं-खिडक्या दुरुस्त करण्यात आयुष्य घालवलं, तेही गिरमिटावर आणि हाताने फिरवायच्या ड्रिलवर. मी शाहूपुरीत राहते आणि घरोघरी जाऊन बारीकसारीक फिटिंगची कामं करते: पडद्याचे रॉड, मांडण्या, आरसे, कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांचे हुक. काम चालू असताना घरातली बाई शेजारी उभी राहून बघते आणि शेवटी विचारते, ‘ताई, हे मला जमेल का हो?’ जमतं. नक्की जमतं. तिला उभ्याउभ्या जे सांगते, तेच इथे जरा निवांत लिहिते आहे.

पहिली गोष्ट अंगावरच्या कपड्यांची. फिरता चक कापडाची दशी पकडतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं कापड गुंडाळून घेतो. ओढणी काढून ठेवा. साडी असेल तर पदर कमरेला घट्ट खोचा, वेणी वर बांधून टाका, मंगळसूत्र पोलक्याच्या आत घाला, बांगड्या काढा. पुरुषांनी गळ्यातला टॉवेल बाजूला ठेवावा. हातमोजे घातले की सुरक्षित, असं बऱ्याच जणांना वाटतं, पण फिरत्या बिटाजवळ सुती किंवा लोकरी मोजा घातकच ठरतो, कारण त्याचा एक धागा अडकला तरी बोट आत ओढलं जातं. मोजे पत्रा उचलताना घाला, ड्रिल चालवताना काढा. डोळ्यांना मात्र चष्मा हवाच, आणि नंबरचा चष्मा पुरत नाही, बाजूने झाकलेला लागतो. डोक्याच्या वर भोक पाडताना सगळी भुकटी सरळ डोळ्यांतच येते.

विटेची, वाळूची आणि काँक्रीटची भुकटी नाकाला रुमाल बांधून थांबत नाही. त्यातली सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि वर्षानुवर्षं रोज ती घेणाऱ्याला सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. तो बरा होत नाही. तुम्ही वर्षातून चार भोकं पाडणार असाल तर घाबरायचं कारण नाही, पण दिवसभर हेच काम करणाऱ्याने एन-९५ मास्क लावलाच पाहिजे. कामाला आलेल्या पोराकडे मास्क नसेल तर आपल्या घरातला द्या. कोरोनापासून प्रत्येक कपाटात एखादा तरी पडलेला असतो.

आता ज्याने खरी इजा होते तिकडे वळते. बॅटरीच्या ड्रिलने हात कापण्यापेक्षा मनगट मुरगळण्याचा धोका मोठा आहे. बिट भोकात अडकलं की ते फिरायचं थांबतं, पण मोटर थांबत नाही. मग बिटाऐवजी मशीन फिरतं आणि मशीनबरोबर तुमचा हात. किती जोराने? १३ मिलिमीटर चकच्या चांगल्या मशीनवर ५० न्यूटन-मीटर असा पिळण्याच्या जोराचा आकडा सहज छापलेला असतो. मूठ पकडलेला हात चकच्या मध्यापासून साधारण १२ सेंटिमीटर खाली असतो. हिशोब केला तर त्या हाताला ४० किलोपेक्षा जास्त हिसका बसतो, तोही बेसावध असताना. मशीनबरोबर आलेला आडवा दांडा लावला आणि त्याला २० सेंटिमीटरवर धरलं, तर तोच हिसका २५ किलोवर येतो आणि दोन हातांत वाटला जातो. तो दांडा खोक्यातच राहून जातो, हे मला फार लागतं. खोकं माळ्यावर टाकायच्या आधी तो बाहेर काढा.

अडकण्याच्या जागाही ठरलेल्या असतात. लोखंडी पट्टीतून बिट पलीकडे निघतं तो क्षण, लाकडातली गाठ, आणि मोठं गोल भोक पाडणारा होल सॉ. पलीकडे निघायची वेळ आली की जोर कमी करायचा आणि खटका हलका सोडायचा. होल सॉ आणि जाड बिट वापरताना दोन्ही हात मशीनवर, पाय फाकवून उभं राहायचं, कोपर अंगाला टेकलेलं. घोड्यावर किंवा शिडीवर उभं राहून होल सॉ चालवू नका. हिसका बसला तर मनगट वाचेल, पण तोल जाईल. आणि भोक पाडायची वस्तू कधीही दुसऱ्या हातात धरायची नाही. पट्टी असो नाहीतर फळीचा तुकडा, शिकंज्यात किंवा क्लॅम्पमध्ये आवळायचा. हातात धरलेली पत्र्याची पट्टी अडकली तर पंख्याच्या पात्यासारखी फिरते.

मशीनवर तीन गोष्टी फिरवायच्या असतात आणि तिन्ही समजून घ्यायला दहा मिनिटं पुरतात. वरचं सरकतं बटण गिअरचं. १ म्हणजे सावकाश आणि ताकदवान, मिनिटाला साधारण ४०० फेऱ्या. २ म्हणजे वेगवान, १,५०० च्या आसपास. स्क्रू पिळायला आणि जाड भोकाला १, बारीक भोकाला २. गिअर बदलायचा तो मशीन पूर्ण थांबल्यावरच. फिरताना बदलला तर दात झिजतात आणि तो कर्रर्र आवाज पुढे कायमचा राहतो. चकच्या मागची आकड्यांची रिंग क्लचची. ठरलेल्या जोरापर्यंत ती पिळू देते आणि मग कटकट आवाज करत सुटते. स्क्रू लावताना लहान आकड्यापासून सुरुवात करा आणि डोकं लाकडाला टेकेपर्यंत आकडा एकेक वाढवत न्या. कपाटाच्या बिजागऱ्या प्लायवूडमध्ये बसवताना क्लच न लावता पिळलं तर स्क्रू जागच्या जागी फिरतो आणि ते भोक वाया जातं. तिसरी निवड स्क्रू, ड्रिल आणि हातोडीच्या चित्रांची. हातोडीच्या चित्रावर बिट फिरताफिरता ठोकेही मारतं. ही हातोडी फक्त भिंतीसाठी. लाकूड, लोखंड आणि टाइल यांवर ती चुकूनही लावायची नाही.

भिंतीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण साताऱ्यात एकाच गल्लीत चार तऱ्हेच्या भिंती सापडतात आणि चारही वेगळं काम मागतात. भिंत कसली आहे ते भुकटीच्या रंगावरून कळतं. पहिली भुकटी प्लॅस्टरची, करडी. साधारण दीड-दोन सेंटिमीटर आत गेल्यावर रंग बदलतो, तिथे थांबून बघायचं. लाल भुकटी आली तर वीट आहे. हातोडी लावा, मशीन सरळ धरा, पुढे मशीन आपोआप जातं. ६ मिलिमीटरचं बिट, ६ ची गिट्टी (स्क्रू धरून ठेवायला भोकात घालतात ती प्लॅस्टिकची नळी) आणि ८ नंबरचा स्क्रू, बहुतेक घरगुती कामांना हीच जोडी पुरते. पण गिट्टी विटेत रुतली पाहिजे, प्लॅस्टरमध्ये नाही. त्यासाठी ३५ मिलिमीटरऐवजी ५० मिलिमीटरचा स्क्रू घ्या आणि गिट्टी प्लॅस्टरच्या पार आत ढकला. पडद्याचे रॉड वर्षभरात लोंबायला लागतात ते गिट्टी नुसत्या प्लॅस्टरमध्ये बसल्यामुळे. किती खोल जायचं त्याची खूण म्हणून बिटावर चिकटपट्टीचा वेढा द्यायचा.

भुकटी पांढरट, पिठासारखी आली आणि बिट लोण्यासारखं आत गेलं तर तो हलका ब्लॉक आहे. नव्या इमारतींमध्ये सध्या बरेचदा हाच असतो. इथे हातोडी बंद करायची, नाहीतर भोक मोठं होतं आणि गिट्टी फिरत राहते. त्याच्यासाठी वेगळी, लांब दातांची नायलॉनची गिट्टी मिळते, दुकानात तसं सांगून मागा. करडी भुकटी थांबतच नसेल आणि बिट पुढे सरकत नसेल तर तुम्ही बीमवर किंवा कॉलमवर आहात. बॅटरीच्या साध्या ड्रिलने तिथे जोर लावत बसलात तर बिटाचं टोक जळतं, मोटर तापते, आणि आत सळई असेल तर काहीच हाती लागत नाही. दोन बोटं बाजूला सरका, किंवा रोटरी हॅमर असलेल्या माणसाला बोलवा. त्या मशीनची ठोके मारायची पद्धतच वेगळी असते.

जुन्या पेठांमधल्या वाड्यांत खाली काळा दगड आणि वर पांढऱ्या मातीच्या किंवा विटांच्या भिंती असतात. काळ्या दगडाला बॅटरीचं ड्रिल दाखवूच नका. मातीच्या भिंतीत गिट्टी टिकत नाही, ओढली की मूठभर माती घेऊन बाहेर येते. तिथे मामंजींची रीत अजून चालते: छिन्नीने चौकोनी खळगा करायचा, सागाचा निमुळता ठोकळा त्यात घट्ट ठोकायचा, बाजूची फट सिमेंटने भरायची, आणि ते वाळल्यावर ठोकळ्यात स्क्रू पिळायचा. त्याहून चांगलं म्हणजे भिंतीत लाकडी खांब कुठे आहे ते शोधायचं. बोटाने ठोकत गेलं की आवाज बदलतो. महाबळेश्वर, पाचगणी आणि कासकडच्या घरांमध्ये जांभा असतो. तो मऊ आणि छिद्राळ. हातोडी न लावता भोक पाडा आणि नेहमीपेक्षा लांब गिट्टी घाला. वजनदार वस्तू एकाच गिट्टीवर टांगू नका.

भिंतीच्या आत काय आहे तेही बघायला हवं. वायर बहुतेक वेळा बोर्डापासून सरळ वर किंवा सरळ आडवी जाते. म्हणून स्विचबोर्डाच्या आणि प्लगच्या वरचा व खालचा उभा पट्टा आणि त्यांच्या रेषेतला आडवा पट्टा मोकळा सोडायचा. बाथरूममध्ये नळाच्या आणि गिझरच्या रेषेतही तसंच. शंका असली की मेन स्विच बंद करा. बॅटरीचं ड्रिल चालवायला लाईट लागत नाही, मग बंद करायला हरकत काय? ड्रिल बिनवायरचं असलं तरी भिंतीतल्या चालू वायरला बिट टेकलं तर चकला वीज येते. हात प्लॅस्टिकच्या मुठीवरच ठेवा, चकजवळच्या लोखंडाला लावू नका.

लाकूड, लोखंड आणि टाइलचं थोडक्यात सांगते. लाकडात स्क्रूआधी बारीक भोक पाडून घ्यायचं. ४ मिलिमीटरच्या स्क्रूला मऊ लाकडात अडीच, बाभळीसारख्या कठीण लाकडात ३ मिलिमीटर. नाहीतर फळी चिरते किंवा स्क्रूचं डोकं तुटतं. लोखंडावर आधी पंचने खूण ठोकायची, पहिला गिअर, दोन थेंब तेल, आणि निघालेले गरम कीस हाताने झटकायचे नाहीत. टाइलवर चिकटपट्टी लावून तिच्यावर खूण करा, भाल्याच्या टोकाचं टाइलचं बिट सावकाश फिरवा, मधेमधे पाण्याचा थेंब टाका. टाइल पार झाल्यावर भिंतीचं बिट घालून मग हवी तर हातोडी लावा. टाइलच्या कडेपासून चार बोटं आत राहा.

बॅटरीवर १८ लिहिलंय की २० की २१, यावरून दुकानात फार गोंधळ उडतो. आत तेच पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. एका सेलचा नेहमीचा दाब ३.६ व्होल्ट, पाचांचा १८. पूर्ण भरला की ४.२, पाचांचा २१. कोणी मधला आकडा छापतं, कोणी वरचा. तसंच १०.८ आणि १२ चं, तिथे तीन सेल. म्हणून २१ व्होल्टच्या मशीनला १८ पेक्षा जास्त ताकद असते असं नाही. पाच सेलच्या बॅटरीवर ४८ असा आकडा दिसला तर तो व्होल्टचा असूच शकत नाही. अँपिअर-अवर हा आकडा मात्र बघा. १८ व्होल्टची २ अँपिअर-अवरची बॅटरी घरासाठी भरपूर झाली. ४ ची दुप्पट चालते, पण वजनही वाढतं, आणि डोक्यावर हात धरून काम करताना ते जाणवतं.

चार्जिंगबद्दल एक जुनं मत अजून घरोघरी ऐकू येतं: बॅटरी पूर्ण उतरवूनच चार्ज करावी. ते निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातलं. १९६१ मध्ये पहिलं बॅटरीचं ड्रिल आलं ते त्याच बॅटरीवर चालायचं. लिथियम-आयन बॅटरी १९९१ पासून बाजारात आली, आणि आपल्या हातातल्या ड्रिलमध्ये आता बहुधा तीच असते. तिला पूर्ण उतरवणं उलट नुकसानीचं. ताकद कमी झाली, मशीन रेंगाळायला लागलं की लगेच चार्जिंगला लावा. महिनोन् महिने ड्रिल लागणार नसेल तर बॅटरी साधारण अर्धी भरून, मशीनमधून काढून ठेवा. रिकामी ठेवलेली बॅटरी कपाटात आणखी उतरत जाते, आणि फार खाली गेली की चार्जर तिला घेतच नाही.

उष्णता हा बॅटरीचा खरा शत्रू. नुकतीच काम करून गरम झालेली बॅटरी चार्जरवर लावू नका, अर्धा तास सावलीत राहू द्या. चार्जिंगच्या वेळी भोवतालचं तापमान ४० अंशांच्या आत हवं. साताऱ्यात एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये तेवढं सहज होतं, म्हणून उन्हाळ्यात सकाळी चार्ज करा. स्कूटीच्या डिकीत, बंद गाडीत, गच्चीवर बॅटरी ठेवायची नाही. चार्जर लाकडी किंवा कापडाच्या पसाऱ्यावर न ठेवता फरशीवर ठेवा. शेतातल्या घरी व्होल्टेज वरखाली होत असेल तर बॅटरी चार्जिंगला लावून रानात निघून जाऊ नका. रात्रभर लावून झोपणंही नको. पडून तडा गेलेली, पाण्यात भिजलेली किंवा नुसती ठेवलेली असतानाही गरम लागणारी बॅटरी पुन्हा वापरायची नाही. धूर यायला लागला तर हात न लावता घरातल्या सगळ्यांना बाहेर काढा आणि १०१ ला फोन करा.

स्वस्तात मिळणारी ‘डिट्टो तशीच’ बॅटरी मी कोणाला घ्यायला सांगत नाही. मूळ बॅटरीत बहुधा सेलवर लक्ष ठेवणारी सर्किटची छोटी पट्टी असते, ती जास्त भरणं, जास्त उतरणं आणि तापणं थांबवते. नकलीमध्ये ती आहे की नाही, हे बाहेरून कळत नाही.

मशीनची निगा म्हणाल तर काम फार नाही, पण ते वेळच्या वेळी व्हायला हवं. भिंतीचं काम झालं की बॅटरी काढून कोरड्या ब्रशने हवेच्या जाळ्या साफ करा. ओलं फडकं आणि रॉकेल नको, प्लॅस्टिक खराब होतं. चकचं तोंड खाली करून तो पूर्ण उघडा-मिटा, भुकटी खाली पडते. महिन्या-दोन महिन्यांनी जबड्यांवर तेलाचा एक थेंब सोडून पुसून घ्या. तेल जास्त झालं की धूळ चिकटून चक जाम होतो. पावसाळ्यात, विशेषतः बामणोली-महाबळेश्वरच्या बाजूला, लोखंडी बिटांवर चार दिवसांत गंज चढतो. ती तेलाच्या फडक्याने पुसून डब्यात ठेवा. बोथट बिट सरळ टाकून द्या. बोथट बिटाला लागणारा जोर तुमच्या मनगटातून आणि बॅटरीतून जातो.

बिट अडकून मशीन थांबलं की खटका दाबून धरू नका. फिरत नसलेल्या मोटरला वीज मिळत राहिली तर ती काही सेकंदांत तापते. सोडा, दिशा उलटी करा, हळू बाहेर घ्या. कार्बनवाल्या, म्हणजे आत झिजणारे कार्बनचे ब्रश असलेल्या, मोटरमध्ये चालताना थोडी ठिणगी दिसते, ते नेहमीचं. ठिणगी मोठी झाली, जळका वास आला किंवा मशीन अडखळून चालू व्हायला लागलं की दुरुस्तीला द्या. बिनकार्बनची (ब्रशलेस) मोटर असेल तर ही कटकट नाही, आणि रोजचं काम करणाऱ्याने थोडे पैसे जास्त घालून तीच घ्यावी असं माझं ठाम मत आहे.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी हत्यारं पाटावर मांडतात. त्याच्या आदल्या दिवशी ड्रिलची वर्षाची साफसफाई होते आणि बिटं निवडली जातात. पूजेत हळद-कुंकू मशीनच्या पिवळ्या-निळ्या अंगावर वाहा, चकवर आणि जाळीवर नको. पाणी शिंपडायचं असेल तर ते करवत-रंध्यावर, आणि ड्रिलची बॅटरी तेव्हा काढून बाजूला ठेवलेली बरी. ओलं कुंकू जबड्यात गेलं की दसऱ्यानंतरच्या पहिल्याच कामाला चक आवळत नाही.

बॅटरी पार मेली की ती घंटागाडीत टाकायची नाही. कचऱ्यात दाबली जाऊन ती पेट घेऊ शकते. तिच्या धातूच्या टोकांवर चिकटपट्टी लावा आणि जिथून मशीन घेतलं त्या दुकानात किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर आहे. दुकानदार नाही म्हणाला तर कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून कुठे जमा करायची ते विचारा. तोवर ती घरात ठेवायची तर पोरांच्या हाताला न लागेल अशा जागी, कोरड्या वाळूच्या डब्यात.